पडद्यावरची शिवण

आष्टी, ता. परतूर
३० डिसेंबर २०२४

चि. कल्याणराव यांस,
सोमेश्वरचे अनेक आशीर्वाद.

तुम्ही माझ्या बायकोचे धाकटे भाऊ आणि माझ्या मामांचे चिरंजीव. म्हणजे माझे आशीर्वाद तुम्हाला दोन्ही नात्यांनी पोचतात आणि तुम्ही ते दोन्ही नात्यांनी टाळता. फोन सोडून कागद का खराब करतो आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. आमच्या घरचा फोन दैवशालाच्या ताब्यात असतो. तो लावला की आधी तुमची ताई बोलते, नंतरही तीच बोलते, आणि मधल्या जागेत मला 'हं' म्हणायची मुभा मिळते. शिवाय टॉकीजचं गोदाम व्हायची गोष्ट तिच्या कानावर घालू नका, असं तुम्हीच बजावलं होतं. म्हणून हे पाकीट जालना गाडीच्या कंडक्टरकडे देतो आहे. उत्तरही त्याच्याच हाती, शाळेच्या पत्त्यावर द्यावं.

संध्याचा सिनेमा दहा तारखेपासून लावताय, त्याबद्दल आभार. आमच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या संपतरावांची ही मुलगी. सबंध वर्गात संस्कृतला न घाबरणारी ती एकटीच होती. एका बांगडीवालीची गोष्ट तिनं आमच्या बाजारतळावर येऊन चित्रित केली, त्यामुळे अर्धं आष्टी त्यात आहे. ज्यांचं तोंड दिसणार नाही ते पाठीवरून स्वतःला ओळखणार आहेत, आणि ज्यांची पाठही नाही ते आपल्या बैलावरून.

आमच्या मातोश्री, म्हणजे तुमच्या गोजरआत्या, एका प्रसंगात बांगड्या भरून घेतात. रंग पसंत पडेना म्हणून त्यांनी तो प्रसंग पुन्हा पुन्हा करायला लावला आणि शेवटी सगळ्या बांगड्या घरी आणल्या. दिवाळीनंतर हौदापाशी पडल्या, कंबरेचं हाड मोडलं, तेव्हापासून खाटेवर आहेत. त्यांचं एकच पालुपद चालू आहे. टॉकीज माझ्या भावानं बांधली, पोरांनी गाण्याला नाणी फेकून पडदा फाडला तेव्हा मी तो हातानं शिवला, आणि आता त्याच्यावर माझं तोंड यायचं तर मी इथं.

त्या सोडून आम्ही सगळे येतो. बाल्कनीत पुढची रांग ठेवा.

आपला,
सोमेश्वर


नवीन जालना
४ जानेवारी २०२५

ति. दाजींना,
कल्याणचा साष्टांग नमस्कार.

पत्र स्टँडवर मिळालं. कंडक्टरनं चहा पिल्याबिगर दिलं न्हाई.

तो बियाण्याच्या कंपनीचा माणूस परवा टेप घेऊन आल्ता. सगळा हॉल मोजला, भिंतींना हात लावून बघितला. म्हणे, खिडकी एक न्हाई, गारवा कायम, वरून बाल्कनी बी हाये, बियाणं ठेवायला ह्याच्यापरीस चांगली जागा जालन्यात मिळणार न्हाई. दाजी, बाबांनी टॉकीज बांधली का गोदाम, ह्याचा मलाच विचार पडला.

तुम्ही मागं विचारल्तं, लोक का येऊन न्हाई राह्यले. पूर्वी पिच्चर पडायचा तो लोकांना आवडला न्हाई म्हणून. आता आवडला म्हणून पडतो. जेवढा चांगला तेवढ्या जल्दी फोनवर येतो. दिवाळीत मोठा पिच्चर लावल्ता. इंटरवलला एक गडी भज्याच्या गाड्यापाशी उभा राहून पुढचा अर्धा फोनवर बघून राह्यल्ता. मी म्हणलं, बाबा, आत चालूच हाये ना. तर म्हणे, शेवट बघून घेतो, पटला तर बसतो. मी त्याच्यासोबत भजे खाल्ले. काय करणार? तिकीट काढून आलेला तो एकटाच होता त्या रांगेत.

बुकिंगवाला सोडून गेला, आता खिडकीत मीच बसतो. मशीनवर बी मीच. ऑपरेटर, मालक अन् झाडणारा, सगळ्यांत एकाच माणसाची चहा लागते, खर्चा तेवढा कमी.

कंपनीच्या माणसाला म्हणलं, सव्वीस जानेवारीपर्यंत थांबा. संध्याबाईचा पिच्चर तुमच्या गावचा हाये. आष्टीच्या जीपा दोन आठवडे येत राह्यल्या, तर आजूबाजूची गावं बी येतील, अन् मी त्याला न्हाई म्हणून टाकतो. न्हाई आल्या तर पोती येतील. एवढंच हाये.

ताईला ह्यातलं बिलकुल सांगू नका. बाबांची टॉकीज म्हणली की तिचा आवाज बदलतो.

आपला,
कल्याण


आष्टी
१३ जानेवारी २०२५

चि. कल्याणराव,

शुक्रवारी आलो तेव्हा तुम्ही खिडकीत, मशीनवर आणि दारात एकाच वेळी दिसत होतात. पुराणांत असले प्रकार वाचले होते, जालन्यात प्रथम पाहिले. धड बोलणं झालं नाही म्हणून लिहितो.

सिनेमा उत्तम. पोरीनं बाजाराचा गलका असा धरला आहे की मला दोनदा पिशवी चाचपून पाहावीशी वाटली. बाल्कनीची पुढची रांग आमची होती. दैवशालानं कठड्यावर पर्स ठेवली, पर्सला टेकून फोन उभा केला आणि बसली ती डोळे पुसायलाच बसली. तिला काही बारकावे समजावून सांगावे लागले. मी मोजकंच बोललो.

घरी आल्यावर मातोश्रींना बांगड्यांचा प्रसंग रंगवून सांगू लागलो, तर त्यांनी मलाच दुरुस्त केलं. म्हणाल्या, पदर डोक्यावरून घसरला तेव्हा मी आधी बांगड्या सांभाळल्या, पदर नंतर; तू नीट बघितलं न्हाईस. मी थक्क झालो. दैवशालाच्या कथनशक्तीला माझ्या तासांना बसलेल्या मुलांनी दंडवत घालावा. एका दिवसात तिनं म्हातारीच्या डोळ्यांसमोर सबंध सिनेमा उभा केला आहे.

गाव खूष आहे. ज्याला त्याला विचारावं तर म्हणतो, सर, जायचंच आहे. तूर्त मात्र सगळे आदिनाथच्या मोबाइलच्या दुकानासमोर गर्दी करून असतात. रिचार्ज स्वस्त झालं असावं. त्यातून मोकळे झाले की जीपा निघतील. धीर धरा.

आपला,
सोमेश्वर


नवीन जालना
१८ जानेवारी २०२५

ति. दाजी,

जीपा निघाल्या न्हाईत.

पहिले तीन दिवस हॉल बरा भरला. रविवारी तर मी खिडकीत बसून जुन्या दिवसांसारखा घाम पुसला. सोमवारपासून उतरती लागली. काल दुसरा आठवडा चालू केला, तो माझ्या हट्टानं. संध्याकाळच्या खेळाला मी, पंखे, अन् नवरा-बायको एक. ते बी भांडण मिटवायला आल्ते, पिच्चर अर्ध्यात असताना मिटलं, गेले.

परतूरचा एक माणूस मोंढ्यात माल घालायला आल्ता, खिडकीपाशी येऊन विचारतो, हा तोच पिच्चर का, ज्याच्यात मागून एक जण बोलत राहतो? मी म्हणलं, मागून कोणी बोलत न्हाई. तर म्हणे, मंग आमच्याकडं हाये तो चांगला हाये, त्याच्यात समजावून सांगतेत. त्यानं खिशातून फोन काढून दाखवला. तुमच्या आष्टीच्या दुकानातून कार्ड भरून आणल्तं.

मी ते त्याच्याकडून घेऊन घरी सगळं बघितलं. दाजी, तो पिच्चर माझ्याच हॉलमधी काढलेला हाये. खाली उजव्या कोपऱ्यात पडद्याची शिवण दिसते, आत्यानं मारलेली. दुसऱ्या कोण्या टॉकीजला तशी शिवण न्हाई. बाल्कनीतून काढलाय, फोन हलला सुद्धा न्हाई, कशावर तरी टेकवून ठेवलेला असंल. अन् काढणाऱ्याच्या बाजूला एक माणूस पहिल्यापासून शेवटपर्यंत बोलून राह्यलाय.

एवढ्यासाठी विचारतो, तुमच्या आजूबाजूला त्या दिवशी कोण कोण होतं? आठवलं तर लिहा. न्हाई आठवलं तरी काही हरकत न्हाई.

आपला,
कल्याण


आष्टी
२१ जानेवारी २०२५

चि. कल्याणराव,

पत्र वाचून अंगाची लाही झाली. माणूस तिकीट काढून आत येतो, यजमानाच्या घरात बसतो आणि त्याच्या ताटातलं उचलून गावभर वाटतो. आणि तो बाजूचा बडबड्या कोण? असल्या वाचाळ माणसाला बाल्कनीत घेऊच नये, खांद्याला धरून बाहेर काढावं. मी आठवून पाहिलं. माझ्या डाव्या हाताला दैवशाला होती, उजव्या हाताला जिना. आवाज काही माझ्या कानावर पडला नाही. मी सिनेमात गढलो होतो.

गर्दी ओसरली म्हणून खचू नका. इथे एक योजना झाली आहे आणि ती माझ्याच डोक्यातून निघाली, हे नम्रपणे नमूद करतो. सव्वीस जानेवारीला संध्याकाळी बाजारतळावर मोठा पडदा लावून गावाला संध्याचा सिनेमा दाखवायचा. संपतरावांचा सत्कार, आणि आष्टीचा सिनेमा जालन्याला लावला म्हणून तुमचाही सत्कार. शाल, श्रीफळ, माझं भाषण. अध्यक्ष मीच असल्यानं भाषणाला मर्यादा नाही. गावानं एकदा एकत्र बसून पाहिला की जो तो म्हणेल, आता हा खऱ्या टॉकीजला बघायचा. तुमची दुसऱ्या दिवशीची रांग मला इथून दिसते आहे.

सिनेमा आणायची जबाबदारी आदिनाथनं घेतली आहे. संध्यानंच त्याला दिला असावा, मी फार खोलात गेलो नाही. तुम्ही दुपारीच या. मातोश्रींची खाट पुढे मांडणार आहोत.

आपला,
सोमेश्वर


आष्टी
२८ जानेवारी २०२५

कल्याणराव,

त्या रात्री जेवायलाही न थांबता निघालात. मी तुमच्या जागी असतो तर शाल घेण्यापूर्वीच निघालो असतो.

जे झालं ते तुम्ही पाहिलंच, तरी मला ते लिहून काढू द्या. सुरुवातीची नावं संपली. चित्र असं धूसर की बांगडीवाली कोणती आणि खांब कोणता हे कळेना. आणि मग लाउडस्पीकरमधून सबंध बाजारतळावर माझा आवाज आला. "दैवशाला, हिचा नवरा परत यायचा नाही, मी आत्ताच सांगून ठेवतो." क्षणभर मला वाटलं, आपण व्यासपीठावरून बोलतो आहोत. तोंड चाचपून पाहिलं, मिटलेलं होतं.

गाव हसलं. दुष्टपणे नाही. त्यांना ते पाठ होतं. पुढची माझी वाक्यं लोक माझ्याआधी म्हणत होते. बैल दिसला की पोरं ओरडत, "आता सर वृषभाची व्युत्पत्ती सांगणार," आणि मी ती सांगत होतो. तीस वर्षं वर्गात एवढं मन लावून मला कुणी ऐकलं नाही. तुम्ही माझ्या शेजारी, खांद्यावर शाल, मांडीवर नारळ, माझ्याकडे न बघता बसला होतात. न बघण्यातली तुमची सहजता पाहून मला कळलं, हे तुम्हाला आधीपासून माहीत आहे. तुमच्या पत्रातलं 'न्हाई आठवलं तरी काही हरकत न्हाई' हे शेवटचं वाक्य तेव्हा मला नीट वाचता आलं.

मी बायकांच्या बाजूला पाहिलं. दैवशाला मातोश्रींच्या खाटेच्या पायथ्याशी खुशाल बसली होती. तिच्या चेहऱ्यावर अभिमान होता, कल्याणराव. भावाचा सत्कार झालेल्या बहिणीचा.

घरी आल्यावर विचारलं. तिनं सरळ सांगितलं. तिचे शब्द तसेच देतो, कारण माझ्या भाषेत ते गुन्ह्यासारखे दिसतील.

"मला आत्याच्या बांगड्यांचा तेवढाच भाग पायजे होता. तो कधी येतोय ते कुठं ठाऊक होतं? म्हणून पयल्यापासून चालू ठेवला. तर तो मेला शेवटाकडं आला."

मग मातोश्रींना टीव्हीवर दिसावा म्हणून आदिनाथच्या दुकानात नेऊन कार्डात घालून घेतला. त्यानं विचारलं, वहिनी, एक माझ्याकडं ठेवू का? ही म्हणाली, ठेव की, गावाचाच आहे. आणि माझ्या भावाच्या टॉकीजचा आहे, लोकांना सांग.

लोकांना सांग, असं तिनं मुद्दाम बजावलं होतं. तिला वाटलं, जाहिरात होते आहे. हसू नका. मलाही तेच वाटलं होतं, आणि मी तर अध्यक्ष होतो.

थोड्या वेळानं तिचं तिलाच काही उमगलं असावं. तिनं विचारलं, "माझ्यामुळं कल्याणचं काही नुकसान झालं का हो?" मी म्हणालो, विचारून सांगतो. म्हणून विचारतो आहे.

एक गोष्ट मात्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. बांगड्यांचा प्रसंग जवळ आला तेव्हा तुम्ही उठलात. मला वाटलं, निघालात. तुम्ही शाल तशीच खांद्यावर ठेवून, बसलेल्या माणसांतून वाट काढत आदिनाथच्या यंत्रापाशी गेलात, त्याला बाजूला सारलंत आणि पुढचं भिंग फिरवलंत. मातोश्रींचं तोंड पडद्यावर एकदम स्वच्छ झालं, सुरकुत्यांसकट. भिंग सैल असावं, कारण मग तुम्ही सिनेमा संपेपर्यंत त्याच्यावर हात धरून उभे राहिलात. चोरीच्या सिनेमाला इतका निष्णात ऑपरेटर दुसरीकडे मिळाला नसेल.

तुम्ही असं का केलंत, हे मी विचारत नाही. फक्त पाहिलं, एवढं कळवतो.

आपला,
सोमेश्वर


नवीन जालना
३ फेब्रुवारी २०२५

ति. दाजी,

का केलं म्हणून तुम्ही विचारलं न्हाई, तरी सांगतो. आत्याचं तोंड धूसर दिसून राह्यल्तं. मला बघवंना. आयुष्य त्याच्यात गेलं, चित्र हललं की हात आपोआप जातो. दुसरं काही न्हाई.

कार्ड बघितलं त्याच दिवशी तुमचा आवाज वळखला. चोर धरायला निघालो अन् बहिणीच्या घरी पोचलो. मंग कोणाला काय लिहिणार? पोलिसात जा म्हणणारे बी भेटले. मी म्हणलं, जाऊ द्या. ताईच्या फोनवरून न्हाई, तर दुसऱ्या कोण्या फोनवरून आला असता. मागच्या साऱ्या पिच्चरला मी कोणाच्या बहिणीला धरलं?

संध्याबाई आल्ती, खेळांचा हिशोब घ्यायला. पुढच्या पिच्चरला पैसा लावणारा तोच कागद बघतो म्हणे. बाकड्यावर बसून तिनं कागद वाचला, घडी केली. मी म्हणलं, पोरी, आष्टीला जाऊन बघ, लोकांना तुझा पिच्चर तोंडपाठ हाये. ती म्हणली, "काका, गावानं सगळ्यानं बघितला, अन् माझ्या कागदावर कोणीच आलं न्हाई." तिला राग बी न्हवता. थकल्ती. चहा पिऊन पुण्याच्या गाडीला गेली. तुमचा आवाज चांगला आलाय, असं सांगायला सांगितलंय.

गोदामाचं नक्की झालं. सत्तावीसलाच त्या माणसाला हो म्हणलं. खुर्च्या एका मंगल कार्यालयाला दिल्या. पंधरा तारखेनंतर पोती लागतील.

आता नीट वाचा. ताईला सांगायचं, हा करार दिवाळीतच झाल्ता. संध्याबाईचा पिच्चर लावायच्या आधीच ठरल्तं, हा शेवटचा म्हणूनच लावल्ता. तारीख विचारली तर धनत्रयोदशी सांगा, मी बी तीच सांगतो. तुम्हाला खोटं बोलायची सवय न्हाई, तुम्ही फोड करून सांगता अन् फसता. म्हणून थोडक्यात सांगा.

पडदा काढलाय. गोदामात त्याचं काम न्हाई, अन् भंगारवाल्याला द्यायला हात झाला न्हाई. टेम्पोनं तुमच्याकडं पाठवून राह्यलो. बाजारतळावर तसल्या चादरीवर दाखवू नका. पुढं काय बी दाखवायचं ते बराबर दाखवा. लावताना शिवण खाली उजव्या हाताला आली पाहिजे. उलटा लावला तर आत्या खाटेवरून वरडंल.

आपला,
कल्याण


आष्टी
१७ फेब्रुवारी २०२५

चि. कल्याणराव,

पडदा पोचला. एवढा मोठा असेल असं वाटलं नव्हतं. भिंतीवर होता तेव्हा आम्ही त्याच्याकडे कधी पाहिलंच नाही, त्याच्यावरचं पाहत आलो. अंगणात मावेना, म्हणून अर्धा उलगडला, अर्धा गुंडाळलेला ठेवला. मातोश्रींची खाट दारात आणली. त्यांनी कोपरा मांडीवर घेतला, शिवण बोटांनी चाचपली आणि म्हणाल्या, एक टाका सुटलाय, सुई आणा. चष्मा शोधण्यात थोडा वेळ गेला. टाका घातला. आता पक्का आहे.

दैवशाला पडद्याच्या दुसऱ्या टोकाला बसली होती. टेम्पोवाल्याकडून तिला पोत्यांचं कळलं होतं, आणि लगेच तिनं तुम्हाला फोनही केला होता. मग मला विचारलं, "कल्याणनं टॉकीज द्यायचं दिवाळीतच ठरवल्तं ना?"

मी तयारी केली होती. धनत्रयोदशी, कंपनीचा माणूस, टेप, गारवा, सगळं क्रमानं मांडून ठेवलं होतं. ती माझ्याकडे बघत होती. तीस वर्षं ती माझं बोलणं ऐकते आहे. कुठल्या वाक्यात मी फसतो, हे तिला माझ्याआधी कळतं.

मी "हो" म्हणालो.

ती आणखी काही विचारेल म्हणून थांबलो. ती उठून पडद्याची घडी घालायला लागली, आणि दुसरं टोक धरायला मला हाक मारली.

आपला,
सोमेश्वर